प्रश्नमंजुषेत न विचारला जाणारा प्रश्न

२६ नोव्हेंबर जवळ आला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या महाविद्यालयांत संविधानावरील प्रश्नमंजुषांचे फलक लागतात. संविधान सभेची पहिली बैठक कधी भरली? ९ डिसेंबर १९४६. मूळ कलमे किती? ३९५. मुले पटापट उत्तरे देतात, टाळ्या पडतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. पाठांतर वाईट नाही. आम्हा शिक्षकांचा निम्मा दिवस त्यातच जातो. परंतु या प्रश्नांत वाद कुठेच नसतो, आणि संविधान तर वादविवादातूनच घडले.

त्यामुळे आमच्या उर्दू शाळांतून महाविद्यालयात गेलेल्या मुलांना हा ग्रंथ दुसऱ्या कुणीतरी लिहून दिल्यासारखा वाटतो. मसुदा समितीच्या सात जणांत आसामचे सर सय्यद मुहम्मद सादुल्ला होते, सभेत बेगम एजाज रसूल या एकमेव मुस्लिम महिला होत्या, हे त्यांच्या कानावरही आलेले नसते.

ज्या शाळेत ही मुले अलिफ-बे शिकली, त्या शाळेचाच वाद घेऊ. डिसेंबर १९४८ मध्ये भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याच्या कलमावर सभेत चर्चा झाली. हेच पुढे कलम २९ आणि ३० झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा स्पष्ट केले की हे संरक्षण केवळ धर्माने अल्पसंख्य असणाऱ्यांपुरते नाही. मद्रासहून मुंबईत येऊन राहिलेले लोक किंवा बंगालमध्ये जाऊन वसलेले महाराष्ट्रीय, यांनाही ते लागू राहील. म्हणजे आमची उर्दू आणि परमुलखातील मराठी माणसाची मराठी एकाच छत्राखाली आली.

त्याच चर्चेत संयुक्त प्रांताचे झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती मांडली. मुलांना प्राथमिक शिक्षण स्वतःच्या भाषेत व लिपीत मिळण्याचा हक्क असावा, असे त्यांचे म्हणणे होते. सभेने ती फेटाळली. शाळा काढण्याचा हक्क मिळाला, पण सरकारी शाळेत मातृभाषा मिळण्याची हमी राहून गेली.

विषय मात्र संपला नाही. फजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात भाषिक अल्पसंख्याकांच्या शिक्षणाचा विचार केला आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५० अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेनेही करावा, असे ते सांगते. स्थानिक संस्था म्हणजे आपल्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा. आठ वर्षांपूर्वी हरलेली मागणी अशी परत आली. मात्र हक्काच्या नव्हे, प्रयत्नाच्या भाषेत.

या दोन शब्दांमधले अंतर आम्ही वर्गात रोज पाहतो. शिक्षकाची जागा रिकामी राहते, पुस्तके उशिरा येतात. प्रयत्न हा करवून घ्यावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या पालकाला कलम ३५० अ ठाऊक असेल, तर त्याच्या अर्जाला विनवणीचे नव्हे, मागणीचे रूप येते.

म्हणून पुढच्या प्रश्नमंजुषेत एक प्रश्न वाढवावा, अशी आमची विनंती आहे: १९४८ साली कोणती मागणी हरली, ती १९५६ साली कशी परत आली आणि तिचे उरलेले काम कोणी करायचे? या प्रश्नाला तीस सेकंद पुरणार नाहीत. मुलांना पूर्ण तास द्यावा.