निर्वात नलिका, लायगोची

गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणाऱ्या लायगो वेधशाळेतील लेसर किरणांचा मार्ग. अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे प्रत्येकी ४ किमी. लांबीच्या दोन काटकोनी भुजांत ती बसवली आहे. व्यास सुमारे १.२ मी., जाडी जेमतेम ३ मिमी.; हवेच्या दाबाने ती चेपू नये म्हणून बाहेरून कडी जोडलेली असतात.

गळती हेलियमच्या साहाय्याने हुडकता येते. पोलादात मुरलेला हायड्रोजन मात्र वर्षानुवर्षे झिरपत राहतो. म्हणून स्टेनलेस स्टीलचा पत्रा आधीच भट्टीत सुमारे ४५५° से.पर्यंत तापवून घेतला. मग पट्टी पीळदार गुंडाळून सांधा वेल्डिंगने जोडला आणि नळी धुऊन काढली. आत बोटाचा तेलकट ठसाही चालत नाही. पुढचा टप्पा सर्वांत कल्पक. नळीवर उष्णतारोधक वेष्टण चढवून तिच्या भिंतीतूनच सुमारे २,००० अँपिअर प्रवाह सोडला आणि तिला कित्येक आठवडे तापत ठेवले. पृष्ठभागाला चिकटून बसलेले पाणी असे सुटते. आतला दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाइतका उरतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ नियोजित लायगो-इंडियाच्या भुजाही ४ किमी. लांबीच्याच आहेत.