दामोदरपंतांची साक्ष

जानेवारी २०२० च्या अखेरीस अमेरिकेच्या सिनेटने ट्रम्प यांच्या महाभियोगात साक्षीदार बोलवायचे नाहीत असं ५१ विरुद्ध ४९ मतांनी ठरवलं, तेव्हा वऱ्हाडातल्या वडनेर भोलजीत हायवेलगतच्या चहाच्या टपरीवर पोरांनी मला घेरलं. "साक्षीदारच नाही तं खटला कायचा, काका?" जन्मभर कोर्टाचे समन्स बजावत फिरलेला बेलीफ मी, मला विचारणारच. मी त्यांना बडोद्याचा खटला सांगितला. तिथे गादीवरच्या राजाचीच चौकशी झाली आणि साक्षीदारांना काही तोटा नव्हता.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले, पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. त्यात सोमल निघाला. संशय बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर. त्यांना जानेवारी १८७५ मध्ये अटक झाली आणि २३ फेब्रुवारीपासून सहा जणांच्या मंडळापुढे चौकशी सुरू झाली. तीन इंग्रज : बंगालचे सरन्यायाधीश काउच, मीड आणि मेलव्हिल. तीन आपले : ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि देवरुखकडचे सर दिनकरराव राजवाडे.

साक्षीदार कसले, तर रेसिडेन्सीतले नोकर. हवालदार रावजी म्हणाला, पुडी मीच टाकली. त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण ती शोधली मुंबई पोलिसांच्या अकबर अलीने, आणि महाराजांच्या बाजूने लंडनहून आणलेल्या बॅलंटाईन वकिलांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. नरसू जमादाराने कबुली दिल्यावर रेसिडेन्सीतल्या विहिरीत उडी घेतली; त्याला वर काढून साक्षीला उभं केलं. खुद्द फेअरसाहेबांचीही उलटतपासणी झाली. मल्हाररावांनी २ नोव्हेंबरलाच व्हाइसरॉयला खलिता लिहून या साहेबाला हलवा अशी मागणी केली होती. अर्जाचा निकाल लागायच्या आत विष कशाला घालेल कोणी?

माझं मन मात्र अडतं ते दामोदरपंतांपाशी. हे महाराजांचे खासगी चिटणीस. सोमल आणि हिऱ्यांची पूड महाराजांच्या हुकमावरून मिळवली, खासगीच्या वह्यांतल्या नोंदींवर शाई सांडली, असं त्यांनी सांगितलं. पण कधी? गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात दिवस काढल्यावर, माफीचं वचन मिळाल्यावर. समन्स घेऊन दारात गेलं की माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं, हा आपल्या पायाने येणार की कोणी धरून आणणार. पंतांना धरून आणलं होतं.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या जवळच्या माणसाला बोलावलं की विशेषाधिकार पुढे येतो : राज्यकर्ता आणि त्याचा सल्लागार यांच्यातलं बोलणं बाहेर काढू नका. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात १२३ आणि १२४ ही कलमं त्याच जातीची होती. सरकारचे गुप्त कागद वरिष्ठाच्या परवानगीवाचून कोर्टापुढे येत नसत. बडोद्याच्या खटल्याच्या वेळी तो कायदा जेमतेम तीन वर्षांचा. साहेबाच्या दफ्तराला कुलूप होतं. गायकवाडांच्या चिटणिसाला आणि वह्यांना असलं कुलूप असावं, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

मार्चअखेर मंडळ दुभंगलं. तिन्ही इंग्रजांना आरोप खरा वाटला, आपल्या तिघांना शाबीत झालेला वाटला नाही. जयाजीराव आणि रामसिंग स्वतः संस्थानिक, तेव्हा आपल्या जातीच्या माणसाला सांभाळून घेतलं असं कोणी म्हणेल. दिनकरराव मात्र मुरलेले कारभारी, ग्वाल्हेरची दिवाणगिरी केलेले. दामोदरपंतांसारख्या साक्षीची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

मग सरकारने काय केलं? विषाचा निकाल बाजूला ठेवला आणि एप्रिलमध्ये गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना पदच्युत केलं. मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. गैरकारभार होताच, १८७३ मध्ये मीड यांच्याच अध्यक्षतेखाली त्याची चौकशी झाली होती. म्हणजे काढायचंच होतं तर त्या कागदांवर काढता आलं असतं. नरसूला विहिरीपर्यंत न्यायचं कारण नव्हतं.

मे महिन्यात नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला गेला, तेच सयाजीराव. आणि मीडसाहेब पुढे हैदराबादचे रेसिडेंट झाले. निझामाकडून घेतलेलं आमचं वऱ्हाड त्यांच्याच देखरेखीखाली आलं, आणि ते परत मागणाऱ्या निझामाच्या दिवाणाशी, सालारजंगांशी, त्यांचं कधी जमलं नाही.