'लेट इट बी': यातला खरा अल्बम कुठला?

ॲपवर बीटल्सचा 'लेट इट बी' शोधलात, तर एकाच नावाच्या दोन-तीन आवृत्त्या दिसतील. मग खरा कुठला?

जानेवारी १९६९ मध्ये लंडनला रेकॉर्डिंग सुरू झालं, तेव्हा ठरलं होतं की नंतर वरून काही चढवायचं नाही. जे वाजेल तेच ठेवायचं. ग्लिन जॉन्सने तसा साधा अल्बम तयारही केला, पण बँडने तो नाकारला. १९७० मध्ये टेप फिल स्पेक्टरकडे गेल्या. त्याने 'द लाँग अँड वाइंडिंग रोड'वर ऑर्केस्ट्रा आणि कोरस चढवला. गाणं पॉल मॅकार्टनीचं, पण त्याला विचारलंच नाही! पुढे भागीदारी मोडायला पॉल कोर्टात गेला, तेव्हा हेही कारण त्याने मांडलं.

२००३ मध्ये 'लेट इट बी... नेकेड' आला. ऑर्केस्ट्रा गायब. वाटतं, हेच मूळ. पण गंमत बघा, त्यात या गाण्याचा टेकच वेगळा आहे. जुन्या अल्बममध्ये २६ जानेवारीचा, इथे ३१ जानेवारीचा! आणि स्पेक्टरची बाजू घेणारा जॉन लेनन तेव्हा हयात नव्हता.

२०२१ च्या रीइश्यूमध्ये स्पेक्टरच्या अल्बमचं नवं मिक्स आलं, आणि सोबत ग्लिनचा तो नाकारलेला अल्बमही.

म्हणजे रीइश्यू ही नुसती साफसफाई नसते. दरवेळी कुणीतरी नव्याने ठरवतं, काय ठेवायचं आणि काय काढायचं. म्हणून प्ले दाबण्याआधी नावाखालचं वर्ष जरूर बघा.