झाडीपट्टीतील मातीचे घर



चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हांला सांगायला नको. मे महिन्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांना टेकतो. पुढे आषाढ-श्रावणात गडचिरोलीकडे धो धो पाऊस, आणि पौषात शेकोटीवाचून निभाव नाही. वीज नव्हती, पंखा नव्हता, तेव्हा आपली वाडवडील मंडळी या तिन्ही ऋतूंत राहिली कशी? याचे उत्तर त्यांच्या घरांत आहे. आज त्या घरांचा इतिहास थोडक्यात पाहू.

जमिनीचा एक गुण आहे. वर ऊन असो की थंडी, आठ-दहा हात खोल गेले की तिचे तापमान वर्षभर जवळजवळ सारखेच असते. आपल्याकडे ते सत्तावीस अंशांच्या आसपास येते. भद्रावतीजवळची विजासन लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. बौद्ध भिक्षूंसाठी डोंगराच्या पोटात कोरलेली ती लेणी आहेत. भर दुपारी आत शिरा, उन्हाची धग दाराशीच थांबते.

मग सगळ्यांनीच जमिनीत घरे का खणली नाहीत? कारण हा धानाचा आणि तळ्या-बोड्यांचा मुलूख. वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली खणलेले घर पहिल्याच पावसाळ्यात विहीर व्हायचे! तेव्हा इथल्या माणसाने जमिनीत उतरण्याऐवजी जमीनच वर उचलली आणि भिंतीत घातली.

शेतीच्या गावांत ही भिंत जाड असे. मातीत तणस आणि धानाचा कोंडा तुडवायचा, आणि थरावर थर चढवायचा. हात-दीड हात जाडीच्या भिंतीतून दुपारची ऊब आत पोचायला दहा-बारा तास लागतात. ती पोचते तेव्हा रात्र झालेली असते, आणि उन्हाळ्यात घरची माणसे अंगणात बाजेवर झोपलेली असतात. थंडीत हीच साठवलेली ऊब रात्री घरात उपयोगी पडते. जंगलातल्या गोंड-माडिया वस्त्यांत निराळी पद्धत होती. लाकडी खांब, त्यांत बांबूचा कूड, आणि वर माती-शेणाचा लेप. ही भिंत पातळ असल्यामुळे ऊब फारशी साठवत नाही. तिथे काम करते ते खाली आलेले छप्पर, सावलीची सपरी आणि कुडातून खेळणारा वारा.

अशा घराला रोख पैसा फारसा लागत नसे, पण तीन गोष्टी लागत: माती, जंगलातला बांबू-लाकूड आणि शेजाऱ्यांचे हात. यातली मधली गोष्ट महत्त्वाची. घरासाठी लाकूड-बांबू आणण्याच्या गावकऱ्यांच्या जुन्या हक्काला ‘निस्तार’ म्हणत. आपला भाग तेव्हा मध्यप्रदेशात होता. १९५० च्या कायद्याने जमीनदारी-मालगुजारी गेली हे चांगलेच झाले. परंतु त्यांची जंगले सरकारकडे आली आणि निस्तार आक्रसत गेला. आता घराची वळई काढायलाही परवाना लागू लागला. एकीकडे बल्लारपूरच्या कागद गिरणीला बांबू जात होता, आणि दुसरीकडे झोपडीच्या बांबूसाठी माणूस चोर ठरत होता.

मातीच्या घराचा मान शेजारच्या वर्धा जिल्ह्यात मात्र वाढला होता. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. गावच्या आसपास मिळेल तेच सामान वापरायचे आणि पाचशे रुपयांच्या आत घर उभे करायचे, ही त्यांची अट होती. माती, बांबू आणि कवेलू यांची ती घरे आजही उभी आहेत. १९७६ मध्ये वर्ध्यालाच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र निघाले. तिथे कुंभाराच्या चाकावर घडवलेले शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक गुंफून, लाकडावाचून कमानीचे छत उभारण्याची रीत विकसित झाली.

मातीच्या घरात दोष नाहीत असे नाही. वाळवी लागते, पाऊस पाया खातो, दरवर्षी सारवण करावे लागते. हिवतापाचेही एक कोडे आहे. डासांसाठी भिंतीवर औषध फवारले आणि आठवड्याने घर सारवले, की औषध लेपाखाली गाडले जाते. गडचिरोलीत हिवतापाचा जोर मोठा. म्हणून सारवण आधी आणि फवारणी नंतर, हा क्रम घराघरांत पाळला पाहिजे.

सरकारी मोजणीत अशा घराला ‘कच्चे’ म्हणतात. पक्के घर हवे, ही गरिबाची मागणी रास्तच आहे. २०१६ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत पंचवीस चौरस मीटरचे घर मिळते. पण पातळ सिमेंटची भिंत आणि वर टिनपत्रा, असे घर मे महिन्यात भट्टी होते. त्या योजनेत स्थानिक साहित्याला आणि आराखड्याला वाव आहे, हे ग्रामसभेने लक्षात ठेवावे.

आणि बांबू? २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनउपज ठरवले. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. साठ वर्षांपूर्वी हातून गेलेले असे परत आले.

नवे घर बांधताना एवढे करा. जोते दगडाचे आणि चांगले उंच घ्या. छप्पर भिंतीच्या दोन हात पुढे काढा. पावसाच्या बाजूच्या गिलाव्यात चुना मिसळा. बांबू महिनाभर वाहत्या पाण्यात बुडवून मग वापरा. पश्चिमेला खिडकी नको, झाड हवे. पत्रा घालायचाच असेल, तर खाली बांबूचा माळा करून त्यावर मातीचा थर द्या.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. येत्या चैत्रात मुलांच्या हाती तापमापक द्या. दुपारी तीन वाजता आणि पहाटे पाच वाजता गावातले एक टिनाचे घर आणि एक मातीचे घर मोजायला लावा. आकडे फळ्यावर मांडा. कोणते घर कच्चे आणि कोणते पक्के, हे मग मुलेच तुम्हांला सांगतील.