व्हेर्दीचे पाहुणे

वृद्धाश्रम हा शब्द आपल्या घरांतून अजूनही हलक्या आवाजातच उच्चारला जातो. ऐन दिवाळीत हा विषय कशाला, असे एखादी आजीबाई म्हणेलही. परंतु उतारवयात परक्या छपराखाली रुळणे माणसाला कशाने जड जाते, याचा विचार एका थोर संगीतकाराने शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी केला होता. त्याची हकीकत सणासुदीलाही सांगण्याजोगी आहे.

ज्युझेप्पे व्हेर्दी हा इटलीच्या ऑपेरांचा, म्हणजे तिकडील संगीत नाटकांचा, अनभिषिक्त राजा. जन्म १८१३ सालचा, एका खेड्यातील खानावळवाल्याच्या घरचा. १८३८ ते १८४० या अवघ्या दोन वर्षांत त्याची मुलगी, मुलगा आणि पत्नी अशी तिघेही गेली. त्यानंतर १८४२ साली ‘नाबुक्को’ गाजला, आणि पुढे पैसा व कीर्ती या दोहोंनी त्याची पाठ सोडली नाही.

परंतु ज्या गळ्यांनी त्याचे संगीत घरोघर नेले, त्यांचे काय? गायकाचे सारे भांडवल त्याच्या गळ्यात. आवाज फुटला की टाळ्या थांबतात, आणि तारुण्यात चार पैसे गाठीला बांधण्याची अक्कल कलावंताला क्वचितच असते. व्हेर्दीने हे डोळ्यांनी पाहिले होते. १८८९ साली त्याने मिलान शहराबाहेर जमीन घेतली आणि वृद्ध, गरजू संगीतकारांसाठी घर बांधावयास काढले. कामिल्लो बोइतो या वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केला. सोय शंभर जणांची ठरली : ६० पुरुष, ४० स्त्रिया. पुढील खर्चासाठी व्हेर्दीने आपल्या ऑपेरांचे उत्पन्नही लावून दिले. आपल्या सर्व कृतींत ही कृती आपल्याला अधिक आवडते, असे त्याने एका मित्राला कळविले होते.

या घराचे नाव ‘कासा दी रिपोसो’, म्हणजे विसाव्याचे घर. तेथे राहणाऱ्यांना ‘पाहुणे’ म्हणतात. शब्द लहानसा, पण आश्रित म्हणून उंबरा ओलांडणे निराळे आणि पाहुणा म्हणून ओलांडणे निराळे. आश्रिताची मान आपोआप खाली जाते. पाहुण्याला निदान पाट मांडून मिळतो!

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. इमारत १८९९ साली उभी राहिली. तरी आपण जिवंत असेतो तिचे दार उघडू नये, अशी व्हेर्दीची इच्छा होती. रोज सकाळी कोणी म्हाताऱ्याने येऊन आपले आभार मानावेत, हे त्याला नको होते. उपकाराचे ओझे हे म्हातारपणाच्या ओझ्याहून जड असते, हे त्या खेडवळ बुद्धीच्या माणसाने अचूक ओळखले होते. २७ जानेवारी १९०१ रोजी तो वारला. पुढल्या वर्षी, त्याच्या जन्मदिनी, १० ऑक्टोबरला घर उघडले. आभार मानावयाचे तर दाता तळघरात चिरनिद्रा घेत होता; शेजारी त्याची दुसरी पत्नी, पूर्वाश्रमीची गायिका ज्युझेप्पीना.

आजवर हजारांहून अधिक कलावंत तेथे राहून गेले. १९८४ साली दानिएल श्मिड याने त्यांच्यावर ‘तोस्काचे चुंबन’ हा चित्रपट काढला. त्यात सारा स्कुदेरी ही वृद्ध गायिका आणि तिचे सोबती आपल्या जुन्या भूमिका पुन्हा गातात. आवाज थकलेला, पण डोळ्यांत रंगमंचाचे दिवे तसेच! अलीकडे संगीताचे तरुण विद्यार्थीही त्याच छपराखाली राहतात. म्हाताऱ्यांना शिकवावयास कोणी मिळते, पोरांना शिकावयास.

नव्या जागी माणूस रुळतो तो केवळ ऊन जेवण आणि मऊ गादी मिळाल्याने नव्हे. ‘तुम्ही कोण होता?’ हे विचारणारा, आणि उत्तर ऐकताना न कंटाळणारा कोणी तेथे लागतो. व्हेर्दीच्या घरी असे ऐकणारे शेजारच्याच खोलीत असत. आपल्या घरातील आजोबांना असा श्रोता आहे की नाही, हे पाहण्यास मात्र मिलानला जावयास नको.