सोयाबीनमधील ओलावा : प्रयोगशाळेतील पद्धत

सोयाबीनची हमीभावाने खरेदी करताना ओलाव्याची मर्यादा एरवी १२ टक्के असते. २०२४ च्या खरीप हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. खरेदी केंद्रावरील यंत्र दाण्यांचे विद्युत गुणधर्म तपासून काही क्षणांत आकडा दाखवते. मात्र त्या यंत्राचा खरेखोटेपणा ठरतो तो भट्टीत दाणे वाळवण्याच्या जुन्या पद्धतीवरून. रसायनशास्त्राच्या वर्गात विद्यार्थी हीच पद्धत शिकतात.

झाकणाची धातूची बशी आधी तापवून, थंड करून तिचे वजन घेतात. तीत भरडलेले सोयाबीन सुमारे ५ ग्रॅम घालून पुन्हा वजन करतात व झाकण काढून बशी सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत काही तास ठेवतात. बाहेर काढताच तिचे वजन करणे ही नवख्यांची नेहमीची चूक. गरम बशीभोवतीची हवा वर चढते आणि तराजू चुकीचे वजन दाखवतो. उघड्यावर थंड होऊ दिल्यास कोरडे पीठ हवेतील दमटपणा शोषून घेते, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात हे फार लवकर घडते. म्हणून झाकण लावलेली बशी सिलिका जेल असलेल्या बंद काचपात्रात थंड करतात. लागोपाठच्या दोन वजनांत फरक उरेनासा झाला की वाळवणे थांबते.

५ ग्रॅमचे ४.३८ ग्रॅम उरले, तर घट ०.६२ ग्रॅम, म्हणजेच ओलावा १२.४ टक्के. व्यापारात ही टक्केवारी ओल्या मालाच्या वजनावर काढतात. त्यामुळे १५ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांवर आणला, तर घट ३ किलो नव्हे, सुमारे ३.४ किलो भरते. हिशेब करताना हा फरक बहुधा विसरला जातो.

काटेकोरपणे पाहता भट्टी पाणी मोजतच नाही. उडून गेलेले सर्व काही मोजते. मिरी किंवा हळद तापवल्यास सुगंधी तेलही उडते आणि ओलावा वाढीव दिसतो. अशा मसाल्यांसाठी टोल्युइनसोबत ऊर्ध्वपातन करतात. जड असल्याने पाणी खुणा असलेल्या नळीच्या तळाशी साचते, तेल वर टोल्युइनमध्येच राहते आणि पाण्याचे आकारमान थेट वाचता येते. बेदाण्यांतील साखर जास्त उष्णतेने विघटित होते. ते निर्वात भट्टीत ७० अंशांच्या आसपास वाळवतात.