किशोरवयीन शोक

किशोरवयीन शोक : जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर किशोरवयात, म्हणजे साधारण १० ते १९ या वयात, उमटणारी मानसिक, शारीरिक व सामाजिक प्रतिक्रिया. गेलेले माणूस परत येत नाही, हे या वयात पूर्ण कळलेले असते. ते पेलण्याची ताकद मात्र अजून घडत असते. शिवाय आईवडिलांपासून थोडे सुटे होण्याचे, उलट बोलण्याचे हे वय. मोबाईलवरून आदल्या दिवशी ज्यांच्याशी भांडण झाले ते वडील अचानक गेले, तर दुःखात अपराधीपणा मिसळतो, आणि तो मूल सहसा कोणाला सांगत नाही.

या वयातला शोक अनेकदा रडण्यातून दिसतच नाही. चिडचिड, तुटक बोलणे, पोटदुखी, डोकेदुखी, झोपेचे बिनसणे, वर्गात लक्ष न लागणे अशी त्याची रूपे असतात. तिसऱ्याच दिवशी मुलगा मित्रांबरोबर क्रिकेट खेळताना दिसला की नातेवाइकांना ते खटकते. मार्गारेट स्ट्रोबे व हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या दुहेरी प्रक्रियेच्या प्रतिमानानुसार शोक करणारा माणूस आळीपाळीने दुःखाकडे व रोजच्या जगण्याकडे वळत असतो, आणि ही ये-जा निकोप असते. किशोरांमध्ये ती अधिक झपाट्याने होते, एवढेच. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेल्या पाच अवस्था मुळात मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांवर आधारलेल्या होत्या. मागे राहिलेल्या मुलाने त्या क्रमाने पार कराव्यात, ही अपेक्षा निराधार आहे.

मराठी हिंदू घरांत दहावा-तेराव्यापर्यंत माणसांचा राबता असतो. अंत्यविधीत भूमिका मिळाल्याने काही मुलांना आधार वाटतो. मात्र काय पाहावे लागेल हे आधी सांगावे आणि नको म्हणण्याची मुभा द्यावी. खरी अडचण सांत्वनाच्या भाषेत आहे. मडके धरलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला जो तो ‘आता तूच घरचा कर्ता’ असे बजावतो. मुलीच्या वाट्याला न सांगताच स्वयंपाक आणि धाकटी भावंडे येतात. तेराव्यानंतर घर रिकामे होते आणि मूल डोक्यावरचे केस पुरते वाढण्याआधीच शाळेत जाऊन बसते. अशा वेळी अजिबात न रडणारे, एकदम पोक्त झालेले मूल कौतुकाचा विषय ठरते. दंगा करणाऱ्याकडे शिक्षकांचे लक्ष जाते, याच्याकडे जात नाही. वास्तविक याची विचारपूस आधी व्हायला हवी.

निकोप मार्गांत मित्राशी किंवा एखाद्या मावशी-काकाशी मोकळे बोलणे, रोजनिशी, संगीत, मैदानी खेळ, शाळेची घडी पुन्हा बसवणे यांचा समावेश होतो. गेलेल्या व्यक्तीचे घड्याळ वापरणे, तिच्या हातचा पदार्थ करून पाहणे, तिला पत्र लिहिणे हेही त्यातच येते. मृताशी नाते तोडले म्हणजेच शोक संपतो, ही जुनी समजूत डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन व स्टीव्हन निकमन यांच्या १९९६ मधील ‘अखंड बंधां’च्या मांडणीने मागे पडली. मराठीत याचे ठळक उदाहरण साने गुरुजींचे. १९१७ मध्ये आई गेली तेव्हा ते किशोरवयातच होते, अखेरची भेटही झाली नाही. ती सल पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ होऊन कागदावर उतरली.

अपायकारक मार्गांत दारू, गुटखा व इतर नशा, बेफाम गाडी चालवणे, स्वतःला इजा करणे, सर्वांशी बोलणे टाकणे हे येतात. बाकी पुष्कळ गोष्टी मात्र प्रमाणावर ठरतात. तासभर गेम खेळणे ही विश्रांती. रात्रीमागून रात्री त्यातच काढणे ही सुटका नव्हे. आईचा डीपी ठेवणे ठीक, पण तिच्या जुन्या चॅटपलीकडे दिवसात काहीच उरले नाही तर काळजी करावी. अभ्यासात स्वतःला बुडवून घेणेही कधी पळवाट असते. दहावी-बारावीच्या वर्षात तर ती कोणाला पळवाट वाटतही नाही.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर घरचे बहुधा कारण लपवतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांतील मुलांना ते गावातून, अर्धवट आणि बोचरेपणाने कळते. विश्वासातल्या माणसाने थोडक्यात खरे सांगणे अधिक सुरक्षित. सामूहिक मृत्यूत प्रश्न वेगळा असतो, कारण आधार देणारे मोठेही शोकात असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची सोय केली. समदुःखी सोबती आणि ठरलेली दिनचर्या अशा व्यवस्थेत मिळते. गाव मात्र सुटते.

शोकाला ठरावीक मुदत नसते. आईवडिलांपैकी एक गमावलेल्या मुलांच्या हार्वर्ड येथील अभ्यासात काहींच्या अडचणी पहिल्यापेक्षा दुसऱ्या वर्षाअखेर अधिक जाणवल्या. तोवर चौकशी करणारे थांबलेले असतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या निदानपुस्तिकेत ‘दीर्घकालीन शोकविकार’ समाविष्ट झाला. प्रौढांसाठी १२ महिन्यांची, तर मुले व किशोरांसाठी ६ महिन्यांची कालमर्यादा त्यात आहे. तीव्र ओढ, मृत्यूवर विश्वास न बसणे, जगणे निरर्थक वाटणे अशी लक्षणे जवळजवळ रोज राहून शाळा व नाती विस्कटली, तरच हे निदान होते. मरणाची भाषा, स्वतःला इजा किंवा नशा दिसल्यास मात्र सहा महिने थांबू नये. समुपदेशक वा मानसोपचारतज्ज्ञ लगेच गाठावा. भारतात ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तेथे मराठीतही बोलता येते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे; तिला मूल स्वतःही फोन करू शकते.